देवगिरीच्या किल्ल्यात कोणी काय ठेवलं

इतिहास शिकवणाऱ्या एका ताईंनी प्रश्न पाठवला आहे. सातवीची मुलं घेऊन त्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावर गेल्या होत्या. चढताना वाटाड्या म्हणाला, “हा किल्ला आजवर कोणीही लढून जिंकलेला नाही.” त्यावर एका मुलीनं विचारलं, “मग तो इतक्या राजांकडे गेला कसा? आणि त्या सगळ्यांनी त्याचं केलं काय?” ताईंना हे दोन्ही प्रश्न मुलांना नीट समजावून सांगायचे आहेत.

मी जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीचं काम करतो. चुना, दगड आणि दरजा (दगडांमधल्या सांध्यांच्या फटी) यांत माझी तीस वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही किल्ल्यावर गेलो की मी आधी भिंतीचे सांधे बघतो आणि मग राजांची नावं आठवतो. उत्तरही त्याच क्रमानं देतो.

ताई, मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं की हा किल्ला वेढ्यात पडला तो पोटामुळे. खाली तट फुटला तरी वरचा कडा शाबूत असायचा, पण वर दाणे नसायचे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातूनच निघतं. देवगिरी हे फार मोठं, फार भक्कम कुलूप आहे. ज्याच्या हाती किल्ली आली, त्यानं आपल्याला जे सर्वांत मोलाचं किंवा सर्वांत धोक्याचं वाटलं ते आत ठेवलं. यादवांनी राजधानी ठेवली, तुघलकानं अख्खी दिल्ली ठेवायचा प्रयत्न केला, कोणी खजिना ठेवला आणि औरंगजेबानं हरलेला राजा ठेवला. किल्ल्याचा इतिहास मुलांना सनावळीत सांगण्याऐवजी “या काळात आत काय होतं?” असं विचारत सांगितला, तर तो त्यांच्या ध्यानात राहील.

आधी ते कुलूप कसं आहे ते बघू. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे निघालं की १५ किलोमीटरच्या आसपास हा डोंगर दिसू लागतो. सुमारे २०० मीटर उंच, सपाटीतून एकटाच वर आलेला, खालचा भाग उभा आणि वर शेंडी. तो उभा भाग निसर्गानं तसा दिलेला नाही. मूळ उतार माणसांनी छिन्नी-हातोड्यानं तासून काढला आणि सुमारे १५० फुटांची सरळ भिंत केली. तिच्या पायाशी त्याच खडकात खंदक खोदला. काळ्या पाषाणात दिवसभर काम करून एक चांगला पाथरवट किती दगड काढतो ते मी जवळून पाहिलेलं आहे, त्यामुळे या कड्याखाली उभं राहिलो की मला सर्वांत आधी ते कामगार आठवतात. हे एका पिढीचं काम मला वाटत नाही. कड्याजवळ खडकात कोरलेल्या जुन्या लेण्यांच्या खोल्याही दिसतात, काही अर्धवट सोडलेल्या. वेरूळ इथून जवळ आहे. या भागातल्या हातांना डोंगर कापण्याची सवय किल्ल्याच्या कितीतरी आधीपासूनची होती.

आत शिरण्याचा रस्ताही मुलांना सावकाश दाखवा. दरवाजांवर हत्तीला धडक मारता येऊ नये म्हणून लोखंडी अणकुचीदार खिळे आहेत. एक दरवाजा ओलांडला की समोर लगेच दुसरा येत नाही, मध्ये चौक लागतो आणि वाट वळते. त्या चौकात अडकलेल्या शत्रूवर चारही बाजूंच्या तटावरून मारा करता यायचा. पुढे खंदकावरचा जुना दगडी पूल. त्याचा मधला भाग खोलगट आहे, दोन्ही बाजूंनी पायऱ्या उतरून पुन्हा चढायचं. खंदकातलं पाणी बंधाऱ्यानं वाढवलं की हा मधला भाग बुडायचा आणि वाट बंद. पूल ओलांडला की अंधारी. खडकाच्या पोटातून वळत वळत वर जाणारं भुयार, उंचसखल पायऱ्या, भर दुपारी हाताला हात दिसत नाही. वटवाघळांचा वास नाकात बसतो तो घरी येईपर्यंत जात नाही. भुयाराच्या वरच्या तोंडाशी लोखंडी झाकण टाकून त्यावर जाळ करायची सोय होती. शेजारी कड्याकडे उघडणारं भोक आहे. त्यातून वारा आत यायचा, जाळ भडकायचा आणि धूर खाली भुयारात भरायचा. इतकी साधी युक्ती, पण तिच्यापुढे कितीही मोठं सैन्य असून काय उपयोग?

अशा जागेवर चालून जाण्यापेक्षा तिला उपाशी ठेवणं सोपं, हे प्रत्येक शहाण्या सेनापतीला कळलं.

यादव राजा पाचवा भिल्लम यानं बाराव्या शतकाच्या शेवटी इथे राजधानी आणली. सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र ही नावं पाठ्यपुस्तकात आहेतच. महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारात हेमाद्री पंडित होता, ज्याच्या नावानं आपण ‘हेमाडपंती’ म्हणतो ती बिनचुन्याची, दगडाला खाचा पाडून बसवलेली बांधणी. किल्ल्यातले यादवकाळचे दगड ओळखायची माझी पहिली खूण तीच, सांध्यात चुना नाही. ज्ञानेश्वरी लिहून झाली ती याच रामचंद्राच्या राज्यात, १२९० मध्ये. तेव्हा आत काय होतं? मराठी मुलखाचा दरबार, आणि दक्षिणेतल्या व्यापाराचा पैसा. त्या पैशाची वार्ता उत्तरेत पोचली होती.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी काही हजार घोडेस्वार घेऊन अचानक आला. अजून तो सुलतान झालेला नव्हता, उत्तरेतल्या कडा (कारा) या प्रांताचा सुभेदार होता. यादवांचं मोठं सैन्य युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर गेलेलं होतं. रामचंद्र गडावर चढला आणि घाईघाईनं पोती वर चढवली गेली. ती पोती धान्याची समजून वर नेली आणि उघडल्यावर त्यांत मीठ निघालं, ही हकीकत फरिश्ता या इतिहासकारानं नोंदवली आहे. फरिश्ता या घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा मिठाची गोष्ट अक्षरशः खरी धरायची की नाही हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण गडावर धान्याची तयारी नव्हती आणि राजाला तह करावा लागला, एवढं त्यातून स्पष्ट कळतं. शंकरदेव परत आला, लढला आणि हरला. अलाउद्दीन प्रचंड खंडणी घेऊन गेला आणि त्याच पैशाच्या बळावर दिल्लीच्या तख्तावर बसला. मुलांना सांगताना मी इथे थांबतो आणि विचारतो, “गडाची जबाबदारी तुमच्यावर असती तर तुम्ही पहिल्या दिवशी काय तपासलं असतं?” कोणीतरी “तोफा” म्हणतं, कोणीतरी “दरवाजे”. तोफा तर तेव्हा इथे नव्हत्याच. एखादी मुलगी हळूच “कोठार” म्हणते, तेव्हा फार बरं वाटतं.

दुसरा प्रसंग मला त्याहून शिकवणारा वाटतो, पण तो फारसा सांगितला जात नाही. बहमनी राज्य फुटत होतं तेव्हा मलिक अहमद निजामशहाला दौलताबाद हवा होता. थेट वेढ्यानं तो मिळेना. मग त्यानं जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्ये, भिंगारजवळ, नवीन शहर वसवलं. तेच अहमदनगर. फरिश्ता सांगतो की ती जागा निवडण्यामागे हेतू असा होता की तिथून दर हंगामाला फौज पाठवायची आणि दौलताबादच्या आसपासची उभी पिकं उद्ध्वस्त करायची. हे काही वर्षं चाललं आणि १४९९ मध्ये किल्ला त्याच्या हाती आला. एका किल्ल्याची उपासमार करण्यासाठी एक शहर वसवलं गेलं! नगरच्या माणसांना हे सांगितलं की ते चकित होतात.

तिसरा प्रसंग १६३३ चा. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ होता. शाहजहानचा सरदार महाबतखान यानं वेढा घातला. बाहेरचा तट, अंबरकोट, सुरुंगानं उडवला. मग आतल्या तटाला, महाकोटाला, भगदाड पडलं. म्हणजे वाटाड्याचं “लढून जिंकलेला नाही” हे खालच्या तटांना लागू नाही, तिथे घनघोर लढाई झालेली आहे. वर मात्र पुन्हा तेच झालं. अन्न संपलं, रोगराई पसरली आणि मलिक अंबरचा मुलगा फतेहखान यानं किल्ल्या दिल्या. निजामशाहीचा बालराजा कैद होऊन ग्वाल्हेरच्या किल्ल्यात गेला. शहाजीराजांनी दुसऱ्या एका बालकाला निजामशहा म्हणून गादीवर बसवून पुढची तीन वर्षं लढा चालवला, ती आपल्याला माहीत असलेली कहाणी इथूनच सुरू होते.

आता दुसरा प्रश्न, त्याचं केलं काय. इथे मी काही राजवटी पटकन ओलांडणार आहे आणि काहींपाशी थांबणार आहे.

खलज्यांनी यादवांचं राज्य संपवलं ते १३१८ च्या सुमारास. त्याच वेळी कुतुबुद्दीन मुबारकशहानं खालच्या भागात जामा मशीद बांधली. आत शंभराहून जास्त खांब आहेत आणि ते मंदिरांचे आहेत. जवळ जाऊन बघा, शेजारशेजारच्या खांबांची नक्षी एकमेकांशी जुळत नाही, कारण ते एका इमारतीसाठी घडवलेलेच नव्हते. याच वास्तूत हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यावर, १९४८ नंतर, भारतमातेची मूर्ती बसवली गेली आणि आज लोक तिला भारतमाता मंदिर म्हणून ओळखतात. मंदिराचे खांब, मशिदीचं अंगण, भारतमातेची मूर्ती. एका जागेचा वापर कसा बदलत जातो हे दाखवायला याहून स्पष्ट नमुना आपल्या मुलखात मला माहीत नाही. माझी कळकळीची विनंती एवढीच की मुलांना तिन्ही गोष्टी सांगा. एक सांगून दोन गाळल्या, तर मुलं समोर दिसणाऱ्या दगडाशी खोटं बोलायला शिकतील.

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकानं देवगिरीला दौलताबाद नाव देऊन राजधानी केली. याला वेडेपणा म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला तो वेडेपणा वाटत नाही. दक्षिण नुकती हाती आलेली, दिल्ली हजार किलोमीटरहून दूर, आणि इथे मुलखाच्या मधोमध एक अभेद्य डोंगर. विचार समजण्यासारखा होता. चूक झाली ती माणसांच्या बाबतीत. राजधानी म्हणजे दरबारच फक्त नसतो, त्यात म्हातारे आई-वडील असतात, थडगी असतात, सवयीचे पाणवठे असतात. इसामी नावाचा कवी तेव्हा लहान होता. त्याच्या नव्वदीच्या आजोबांना दिल्लीतून निघायला लावलं आणि ते वाटेतच, दिल्लीपासून फार दूर जायच्या आतच वारले. इसामीनं मोठेपणी इथेच, दख्खनमध्ये बसून, तुघलकाविषयीचा आपला सगळा राग लिहून ठेवला. आलेल्यांपैकी काहींनी मात्र मूळ धरलं. सूफी संत खुलदाबादला राहिले, बुऱ्हानुद्दीन गरीब यांची दर्गा तिथे आहे. शेजारच्या कागजीपुऱ्यात हातकागद बनवणारी घराणी त्याच काळातली म्हणून सांगितली जातात. राजधानी उठून गेली आणि धंदा राहिला.

त्या वेळी किल्ल्यात आणखी काय होतं हे मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता सांगतो. तो तुघलकाच्या काळात इथे येऊन गेला. वरच्या गडावर चामड्याच्या शिडीनं चढत आणि रात्री ती काढून घेत, असं तो लिहितो. मोठ्या गुन्ह्यांचे कैदी इथल्या तळघरात ठेवत, आणि तिथे मांजरांपेक्षा मोठे उंदीर होते, इतके की मांजरंच त्यांना घाबरून पळत. मलिक खत्ताब नावाच्या अफगाण सरदाराला अशाच उंदरांच्या कोठडीत टाकलं होतं. शेजारच्या कोठडीतला कैदी आजारी पडला आणि उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले, तो मेला, मग सुलतानानं खत्ताबला बाहेर काढवलं. ही हकीकत खत्ताबनं स्वतः इब्न बतूताला सांगितली. सातवीच्या मुलांना हे सांगावं की नाही हे तुम्ही ठरवा. माझा अनुभव असा की अंधारीतून बाहेर आल्यावर हे सांगितलं तर कोणी विसरत नाही. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेली प्रत्येक गोष्ट, कडा, खंदक, काढून घेता येणारी शिडी, आतल्या माणसाला कोंडून ठेवायलाही तितकीच कामाला येते. राजधानी आणि तुरुंग एकाच वेळी एकाच डोंगरात होते.

पुढे तुघलकाविरुद्ध इथल्याच सरदारांनी बंड केलं. त्यानं स्वतः येऊन वेढा घातला तेव्हा बंडखोर वरच्या गडावर जाऊन बसले. तेवढ्यात गुजरातेत दुसरं बंड उठलं, त्याला जावं लागलं, आणि वरचे लोक टिकले. कुलपानं या खेपेला मालकाविरुद्धच काम केलं. १३४७ च्या ऑगस्टमध्ये दौलताबादेतच हसन गंगू अलाउद्दीन बहमनशहा झाला, पण राजधानी त्यानं गुलबर्ग्याला नेली. त्यानंतर बहमनी काळात हा एका प्रांताचा मुख्य किल्ला होता. चांदमिनार पंधराव्या शतकातल्या याच काळातला, दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाचा.

आता ज्या वापरापाशी मला सर्वांत जास्त थांबावंसं वाटतं तो. निजामशाहीत सोळाव्या शतकात या किल्ल्याचे अधिकारी होते जनार्दनस्वामी. दत्तभक्त, मूळचे चाळीसगावचे देशपांडे. पैठणचा एकनाथ लहान वयात घर सोडून त्यांच्याकडे आला आणि इथेच वाढला. किल्लेदार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तलवार येते. पण गड चालतो तो वहीवर. धान्य किती आलं, शिबंदीला किती दिलं, दारूगोळा किती, वसूल किती. परंपरा सांगते की गुरुवारी दत्तपूजेमुळे स्वामींची कचेरी बंद असे. आणि हिशेब लिहायचं काम एकनाथांकडे होतं. एका रात्री एका पैचा मेळ लागेना. पहाटेपर्यंत दिव्याशी बसून त्यांनी ती चूक शोधली आणि आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैची चूक सापडली तर एवढा आनंद, मग संसारातली चूक सापडली तर किती होईल? कीर्तनात ही गोष्ट अध्यात्मासाठी सांगतात. मला त्यात किल्ल्याचं खरं दैनंदिन आयुष्य दिसतं. १२९६ ला ज्या डोंगरावर पोत्यात काय आहे हे कोणी बघितलं नव्हतं असं म्हणतात, त्याच डोंगरावर अडीचशे वर्षांनी एक मुलगा एका पैसाठी रात्रभर जागतो आहे. स्वामींची समाधी गडावरच आहे. चढताना बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा.

याच निजामशाहीच्या शेवटच्या काळात, १६२९ मध्ये, लखुजी जाधवराव आणि त्यांच्या मुलांना दरबारात बोलावून इथेच दगा झाला आणि ते मारले गेले. सिंदखेडचे जाधव स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज मानत. जिजाऊंचे वडील आणि भाऊ त्यांच्याच पूर्वजांच्या गडावर पडले. मी वरच्या मजल्यांचे सांधे तपासत असतो तेव्हाही खालच्या त्या चौकांकडे बघताना ही गोष्ट मनातून जात नाही.

मलिक अंबरनं बाहेरचा तट मजबूत केला, त्यालाच अंबरकोट म्हणतात. पण त्याच माणसानं जवळच सपाटीवर खडकी हे गाव वसवलं आणि तिथे नहरीनं पाणी आणलं. माझ्या मते दौलताबाद शहर ओस पडण्याची सुरुवात तिथे झाली. डोंगराच्या पायथ्याशी कोंडून राहण्यापेक्षा मोकळ्या जागी, वाहत्या पाण्यापाशी राहणं कोणाला नको असतं? पुढे खडकीचं औरंगाबाद झालं आणि दरबार, बाजार, कारागीर सगळे तिकडे गेले. किल्ल्यात पाणीच नव्हतं म्हणून लोक गेले असं सांगतात, ते मला पटत नाही. हत्ती हौद बघा, सरस्वती बारव बघा. डोंगरांतून पाणी आणणारे खापराचे नळ अजून काही ठिकाणी उघडे पडलेले दिसतात. एकाचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात बसवलेलं, जोडाभोवती चुन्याचा जाड लेप. असा जोड मी हातानं चाचपून पाहिला आहे. लेप वरून काळा पडलेला, पण नखानं ओरखडा निघत नव्हता. घाण्यावर दळलेला, चांगला मळलेला चुना वर्षागणिक दगडासारखा होत जातो. हल्ली काही किल्ल्यांच्या दुरुस्तीत घाईनं सिमेंट वापरतात. एका ठिकाणी, नाव घेत नाही, आम्ही नको नको म्हणत असताना दरजा सिमेंटनं भरल्या गेल्या. आतली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि थोड्याच पावसाळ्यांत चिऱ्यांचे पापुद्रे सुटू लागले. ते बघताना जीव तुटतो.

मोगलांच्या हाती आल्यावर किल्ला हळूहळू कोठार आणि तुरुंग झाला. तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून प्रथम आला तेव्हा दौलताबाद हेच मुख्य ठाणं होतं. वरची बारादरी मोगलकाळाची, १६३६ मधल्या शाहजहानच्या भेटीशी ती जोडली जाते. आणि बुरजावरची मेंढा तोफ. मागचं टोक मेंढ्याच्या डोक्यासारखं, वर औरंगजेबाचं नाव कोरलेलं, आणि तोफेचं नाव ‘किल्ला शिकन’, म्हणजे किल्ले फोडणारी. ती खुंटावर बसवलेली आहे, जवळजवळ सगळीकडे फिरवता येईल अशी. मुलं तिच्यावर चढायला बघतात, चढू देऊ नका. तिच्यावरचं कोरीव काम हाता-पायांनी झिजतं.

या तोफेपासून जवळच चिनी महाल आहे. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यावर शेवटचा कुतुबशहा अबुल हसन तानाशहा इथे कैदेत आला आणि बारा-तेरा वर्षांनी कैदेतच मेला. त्याची कबर खुलदाबादला. महालाचं नाव भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या झिलईच्या फरशांवरून पडलं. त्यांतल्या थोड्याच राहिल्या आहेत. दुपारी तिरपं ऊन पडलं की उरलेल्या निळ्या पट्ट्या एकदम ओल्या असल्यासारख्या चमकतात. हा महाल आधी राहण्यासाठीच सजवलेला होता. राजाला कैद करायचं म्हणून त्याच्यासाठी वेगळा तुरुंग बांधला गेला नाही, चांगल्यातला चांगला महाल दिला आणि बाहेर पहारा बसवला. एका बाजूला उंदरांची कोठडी, दुसऱ्या बाजूला निळ्या फरशा. दोन्हींना दार एकच.

अठरावं शतक पटकन सांगतो. किल्ला हैदराबादच्या निजामाकडे गेला. १७५८ मध्ये फ्रेंच सेनापती बुसी यानं किल्लेदाराला पैशांनी फोडून तो ताब्यात घेतला आणि त्याच वर्षी त्याला परत बोलावल्यामुळे सोडला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांना मिळाला. त्यानंतर निजामाकडे परत. १७९५ ला खर्ड्याच्या विजयानंतर पुन्हा तहात मराठ्यांकडे आला, आणि पुण्याच्या राजकारणात पुन्हा हातचा गेला. या सगळ्या देवाणघेवाणीत कोणी अंधारीतून लढत वर गेलेलं नाही. कागदावर सही व्हायची आणि किल्ल्या हलायच्या. तोवर लांबवर मारा करणाऱ्या तोफा, कवायती पलटणी आणि मैदानातल्या लढाया आल्या होत्या. कड्याची किंमत तहातल्या एका कलमाएवढी उरली होती.

निजामाच्या राज्यात १९१४ मध्ये पुरातत्त्व खातं सुरू झालं. विलीनीकरणानंतर किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आला. खालच्या भागात उत्खनन करून जुन्या रस्त्यांच्या, घरांच्या ओळी उघड्या केल्या आहेत. म्हणजे आज आत ठेवलेलं आहे ते जुनं शहरच. बाहेरच्या अंबरकोटाच्या वेशीतून मात्र अजूनही वेरूळची वाहतूक जाते. त्या कमानीखालून भरलेली बस निघते तेव्हा मी श्वास रोखून बघत असतो. वाटेवर हंगामात सीताफळांच्या पाट्या मांडून बाया बसलेल्या असतात, दौलताबादचं सीताफळ नावाजलेलं आहे.

पुढच्या खेपेला मुलांना नेलंत, तर चढताना काही सांगू नका. सगळे धापा टाकत असतात, कोणाच्या कानात काही शिरत नाही. सकाळी लवकर थेट वर जा, बारादरीच्या कट्ट्यावर बसवून खाली अंबरकोटाची, महाकोटाची आणि त्याच्याही आतल्या कालाकोटाची रेघ बोटानं दाखवा. मग उतरताना एकेका जागी थांबा. जनार्दनस्वामींची समाधी, अंधारी, पूल, चिनी महाल, मेंढा तोफ, चांदमिनार, हत्ती हौद आणि शेवटी शंभर खांबांची ती वास्तू. तिथे प्रत्येक मुलाला एकेक खांब वाटून द्या आणि त्याची नक्षी वहीत काढायला सांगा. अर्धा तास लागेल. नंतर सगळ्या वह्या जमिनीवर ओळीनं मांडा आणि कोणत्या दोन खांबांची जोडी लागते ते त्यांनाच शोधू द्या.